पेटी राहू दे, खुर्ची दे

ताई, नमस्कार.
माझी मुलगी येत्या ४ नोव्हेंबरला वर्षाची होईल. तारीख जानेवारीच्या शेवटाची होती, पण ती एकोणतिसाव्या आठवड्यातच आली. वजन १०८० ग्रॅम. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ५२ दिवस काचेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) होती. मला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास आत सोडायचे. तेव्हा ह्यांच्या अंगठीत तिचा हात कोपरापर्यंत जायचा. आता सात किलोंची आहे, बसते, रांगते, हाताला येईल ते तोंडात घालते. बिल सहा लाखांवर गेलं. सासऱ्यांनी एफडी मोडली, बाकीच्याचे हप्ते चालू आहेत.
सरकारी दवाखान्यांतल्या कमी दिवसांच्या बाळांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं आम्हाला विचारलं आहे. १७ नोव्हेंबरला सकाळी चालण्याचा कार्यक्रम आहे. ज्यांची बाळं अशी काचेतून घरी आली त्या कुटुंबांनी त्यात यावं, नातेवाइकांकडून पैसे जमवावेत, आणि मुलीचा नळ्या लावलेला फोटो व आत्ताचा फोटो द्यावा, असं ते म्हणतात. ह्यांना तर एक अख्खी पेटीच द्यायची आहे, मुलीच्या नावाची पाटी लावून. म्हणतात, आपल्यावर ऋण आहे. सासूबाई म्हणतात, फोटो-बिटो काही नको, दृष्ट लागते. जाऊबाई म्हणतात, दूध पावडरचे डबे वाटू. सासूबाई दिवसभर विणत बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत.
माझं सांगायचं तर मला यातलं काहीच नको आहे. मायक्रोवेव्ह वाजला तरी छातीत धस्स होतं. त्या गल्लीतून मी अजून जात नाही. माझ्या शेजारच्या बाकावर बालाघाटकडची एक बाई बसायची. तिचा मुलगा एकोणिसाव्या दिवशी गेला. तिचा नंबर आहे माझ्याकडे, पण मी एकदाही फोन केला नाही. मी कृतघ्न आहे का? आणि काय करू?
१०८० ग्रॅमची आई, मनीषनगर, नागपूर

प्रिय १०८० ग्रॅमच्या आईस,

आधी मायक्रोवेव्हचं बोलू. तू ते पत्राच्या तळाशी ओझरतं लिहिलंस, पण मला सगळं पत्र तिथूनच सुरू झाल्यासारखं वाटलं.

५२ दिवस सॅच्युरेशनच्या, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघत बसलेल्या बाईच्या अंगात तो आकडा घसरला की वाजणारा अलार्म मुरतो. बाळ घरी येतं, पाळण्यात झोपतं, आईचं शरीर मात्र अजून त्या स्टुलावरच बसलेलं असतं. हे खूप आयांचं होतं आणि बापांचंही होतं. बाप सांगत नाहीत, ते पेटी विकत घ्यायला निघतात. यावर उपचार आहेत. समुपदेशकाकडे जा. समोर बसून बोलायला जड जात असेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक आहे. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हे या आठवड्यात कर. चालण्याचा कार्यक्रम, पैसे, फोटो हे सगळं त्यानंतर.

आणि यंदा तू कुठल्याही वॉर्डात जाऊ नकोस. कुणी कितीही गोड बोलून बोलावलं तरी नाही. ज्या संस्थेला कामाची जाण आहे ती तुला घाई करणार नाही. घाई केलीच तर त्या संस्थेबद्दल तुला एक गोष्ट आपोआप कळेल.

आता ह्यांचं ऋण. ते असं का म्हणतात ते मला समजतं. रात्री अडीचला पळत आलेली सिस्टर, दोन एमएल दूध नळीनं गेलं म्हणून हसलेली आया, यांचं काहीतरी देणं लागतो असं वाटणारच. पण हिशेबाचं ऋण तुम्ही आधीच भरताय, दर महिन्याच्या पाच तारखेला, बँकेत. हप्ते चालू असताना पेटी दान करायला निघालेल्या माणसाला मी टाळी देणार नाही. त्यांना सांग, कर्ज फिटेपर्यंत महिन्याला पाचशे रुपये. बँकेला सूचना देऊन ठेवा, दर महिन्याला आपोआप जातील. एकदाच लाखभर देऊन दमणारे दाते संस्थांना पुष्कळ भेटतात. पुढच्या भाद्रपदात किती पैसे येतील हे ज्यांच्यामुळे आत्ता कळतं, असे दाते थोडे.

पण पेटीला माझा खरा विरोध पैशामुळे नाही.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्याच एका सरकारी दवाखान्यात मी दानात आलेलं एक वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं यंत्र, पाहिलं. पितळी पाटीवर दात्याच्या वडिलांचं नाव, पाटीला वाळलेला झेंडूचा हार, आणि बाळ ठेवायच्या जागी रजिस्टरांचा गठ्ठा. सिस्टर म्हणाली, ‘‘मॅडम, बाळाच्या अंगाला लावायचा प्रोब गेला. कंपनीचा माणूस वॉरंटी संपल्यावर पैसे मागते. आमच्या यादीत हे मशीनच नाही, तर पैसे कुठून काढू?’’ तिनं गठ्ठा उचलून दाखवला, खाली गादी कोरी होती. दात्याच्या घरी मात्र उद्घाटनाचा फोटो भिंतीवर असणार.

शिवाय आपण विदर्भातली माणसं. ९ जानेवारी २०२१ ची रात्र आपल्याला कुणी आठवून द्यायला नको. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तसल्या खोलीत यंत्रं चोवीस तास चालतात, शेजारी ऑक्सिजन असतो. तिथे आणखी एक यंत्र नेऊन ठेवायचं तर आधी विचारावं लागतं की वायरिंगवर भार किती, दुरुस्तीचा करार कोण करणार, आणि रात्रपाळीला आधीच इतकी बाळं सांभाळणारी सिस्टर हे आणखी एक कसं बघणार. ही उत्तरं दवाखान्याकडून लेखी मिळत असतील तर पेटी जरूर द्या. नाहीतर ती पाटीच होते, महागडी.

मग काय द्यायचं? त्यासाठी थोडं लांब जाते, कोलंबियाच्या बोगोटा शहरात. १९७८ साली तिथल्या एका प्रसूती रुग्णालयात पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागायची. तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल अशी बांधायला सुरुवात केली. त्यालाच आज कांगारू मदर केअर, थोडक्यात केएमसी, म्हणतात. तुलाही शेवटी शेवटी दिलं असेल, ‘‘केएमसी द्या’’ असं सिस्टर म्हणाली असेल. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की ही गरिबांची सोय आहे, पेटी नाही म्हणून आई. मग जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक मोठा अभ्यास केला, त्यात दिल्लीचं एक रुग्णालय होतं. बाळं एक ते १.८ किलोंची. काहींना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, काहींना नेहमीसारखं आधी यंत्रावर स्थिर करून मग आईकडे दिलं. पहिल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं गेली, दुसऱ्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. २०२१ साली तो छापून आला आणि पुढच्याच वर्षी संघटनेनं सांगितलं की अशा बाळाला दिवसाला आठ ते चोवीस तास आईजवळ ठेवा, आणि जन्मानंतर लगेच सुरू करा.

आता आठ तास या शब्दावर जरा थांब. सिझरचे टाके असलेली बाई, छातीवर किलोभराचं बाळ, आणि बसायला काय? प्लास्टिकचं स्टूल. पाठ टेकायला जागा नाही, पाय लांब करायला जागा नाही, समोरून उघडणारा गाऊन नाही. संडास दुसऱ्या मजल्यावर. सकाळपासून पोटात चहा-बिस्किट. ती दोन तासांत उठते आणि वॉर्डात नोंद होते, ‘आई सहकार्य करत नाही’. तुझ्या दवाखान्यात तुला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास आत सोडायचे, असं तू एका ओळीत लिहिलं आहेस. सहा लाख भरूनही तुला खुर्ची मिळाली नाही, तर फुकटच्या वॉर्डातल्या बाईचं काय असेल?

म्हणून मी म्हणते, खुर्ची दे. मागे रेलणारी, हात टेकायला रुंद, धुता येईल अशा कापडाची. एक खुर्ची एका पेटीच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही आणि तिला प्रोब लागत नाही. संस्थेला विचार की तुम्ही ज्या वॉर्डात काम करता तिथे केएमसीच्या किती खुर्च्या आहेत, आणि बाळांच्या आया किती. हा प्रश्न ऐकून समोरचा माणूस खुलला तर तो रोज वॉर्डात जाणारा आहे. गोंधळला तर तो फक्त कार्यक्रम करणारा आहे.

खुर्चीनंतर डबा. नागपूरला चार-चार जिल्ह्यांची आणि सीमेपलीकडची बाळं येतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट. बाळ आत, आई कुठेतरी आडोशाला, बाप व्हरांड्यात गमछा अंथरून. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तो तिथेच असतो आणि डिसेंबरच्या थंडीतही तिथेच. आईला दूध यायचं असेल तर आईनं जेवलं पाहिजे, एवढं साधं आहे. भाकरी, वरण, भाजी, शक्य असेल तर डिंकाचा लाडू. हे काम तुमच्या सोसायटीतल्या चार बायकाही आठवड्यातून एकदा करू शकतात. पण दवाखान्याच्या परवानगीनं आणि संस्थेमार्फत. परस्पर डबे घेऊन गेटवर उभं राहू नका.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, ती म्हणजे परतीचं भाडं. तुझ्या मुलीचे डोळे तपासले होते ना? थेंब घालून, पापण्या ताणून, ती किंचाळत होती आणि तुला बाहेर काढलं होतं, ते. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. वेळेत कळलं तर लेसरनं किंवा इंजेक्शननं नजर वाचते. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची ही तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, फारच लहान असेल तर त्याही आधी. आणि एकदा करून भागत नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा यावं लागतं.

आता बाळ बरं होऊन गडचिरोलीला गेलं असं समज. गडचिरोली इथून जवळपास पावणेदोनशे किलोमीटर, आणि भामरागड तिथूनही कितीतरी आत. २०२३ पासून एसटीत बाईचं तिकीट अर्धं झालं हे खरं. सोबत येणाऱ्या नवऱ्याचं मात्र पूर्ण, दोघांची मजुरी बुडते ती वेगळी, आणि बाळ तर दिसायला ठणठणीत. मग कशाला जायचं? सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळाचा उपचार, औषधं आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, २०११ पासून. पण वॉर्डातून सुट्टी होताना हातात दहा कागद पडतात, त्यात हे कोण सांगतं? चौथ्या आठवड्यात फोन करून, ‘‘परवा डोळ्यांची तारीख आहे, गाडीची सोय अशी आहे, आलात की मी दारात उभा आहे’’ असं सांगणारा माणूस ज्या संस्थेकडे आहे तिला तुझे पाचशे रुपये दे. त्या माणसाच्या पगारासाठी दे. दाते पगारासाठी पैसे द्यायला नाखूश असतात, ‘आमचे पैसे थेट बाळापर्यंत गेले पाहिजेत’ म्हणतात. बाळापर्यंत पैसे जात नाहीत गं, माणूस जातो.

हे काही मी घरी बसून शोधलेलं नाही. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं खेड्यातल्या बायकांना शिकवून हे दाखवून दिलं आहे. घरी जाऊन बाळाला उबदार ठेवणं, लगेच अंगावर पाजायला लावणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. १९९९ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशा फेऱ्या मारत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत बाळंतिणीच्या घरी येतात, त्याचं मूळ त्या गावांत आहे. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बसून आपल्याला वाटतं की बाळ यंत्रानं वाचतं. तुझी वाचली त्यात यंत्राचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. २९ आठवड्यांच्या फुफ्फुसाला हवा लागते, ती लागतेच. पण ते यंत्र पुरवणं हे सरकारचं काम आहे आणि ते त्याच्याकडून करून घ्यायचं असतं. तुझ्या पाचशे रुपयांचं काम वेगळं आहे.

जाऊबाईंना मात्र आत्ताच थांबव. दुधाच्या पावडरचे डबे आणि दुधाच्या बाटल्या वाटणं हे आपल्याकडे कायद्यानं बंद आहे. १९९२ चा कायदा आहे, अनाथाश्रम सोडून कुणालाही हे दान करता येत नाही. कारणही पक्कं आहे. फुकटचा डबा आठ दिवसांत संपतो, तोवर आईचं दूध आटतं, मग ती विकतची पावडर दुप्पट पाण्यात कालवते. जाऊबाईंचं मन चांगलं आहे हे मला पत्रातून दिसतंय. त्यांच्या माहितीत कुणी नुकतीच बाळंत झालेली, भरपूर दूध येणारी बाई असेल तर दूधपेढी असलेल्या रुग्णालयात चौकशी करायला सांग. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली आपल्या मुंबईत, सायनच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिथे आईचं दूध तपासून, निर्जंतुक करून, ज्यांना आईचं मिळत नाही अशा लहान बाळांना देतात. पावडरच्या डब्यापेक्षा ते केव्हाही मोठं दान.

फोटोच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूची आहे. कारण त्यांचं वेगळं, माझं वेगळं, पण मत एकच. मुलगी आज अकरा महिन्यांची आहे, उद्या दहावीत जाईल. वर्गातल्या एखाद्या पोरानं तिचा नळ्या, चिकटपट्ट्या आणि उघड्या बरगड्यांचा फोटो शोधून काढला तर ती तुला काय विचारेल? तिनं हो म्हटलेलं नाही, तिला विचारता येत नव्हतं. संस्थेला पैसे मिळायला फोटो लागतात हे मला ठाऊक आहे. तर तिच्या पायाचा ठसा द्या, दवाखान्यानं मनगटावर बांधलेला तो बांगडीएवढाही नसलेला पट्टा द्या, ह्यांच्या अंगठीत तिचा हात कोपरापर्यंत जायचा असं तू लिहिलंस, ती अंगठी द्या. चेहरा आणि नाव नको. एवढं सांगून संस्था नाराज झाली तर होऊ दे.

चालायला मात्र जा, जमलं तर. १७ नोव्हेंबर हा कमी दिवसांच्या बाळांचा जागतिक दिवस, जांभळा त्याचा रंग. तू यंदा वॉर्डात जाऊ नकोस म्हटलं, पण मोकळ्या मैदानावर, थंडीत, तुझ्यासारख्या चाळीस-पन्नास आया एकदम बघणं वेगळं असतं. जगात दर दहा बाळांतलं साधारण एक असं लवकर येतं. २०२० साली ती संख्या १ कोटी ३४ लाखांच्या घरात होती आणि सगळ्यात जास्त, तीस लाखांच्या आसपास, आपल्या देशात. इतक्या बायकांमध्ये तू एकटी कशी? पण दवाखान्यात तसंच वाटतं, कारण तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. आणि मधूनच घरी निघावंसं वाटलं तर नीघ, कुणाला कारण सांगत बसू नकोस.

नातेवाइकांकडे पैसे मागायचे तर वाढदिवसाच्या बोलावण्यात एकच ओळ घाला की भेटवस्तू नको, वाटलं तर या संस्थेला काही द्या. त्यापुढे पाठपुरावा नाही. आत्यानं किती दिले आणि मामानं किती, असा हिशेब एकदा सुरू झाला की पुढच्या लग्नापर्यंत चालतो. आधी संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि गेल्या वर्षीचे तपासलेले हिशेब मागून बघा, लाजू नका. रोखीनं दोन हजारांच्या वर देऊ नका, त्यावर करसवलत मिळत नाही. आणि ह्यांनी नवी करप्रणाली घेतली असेल तर तसंही काही मिळणार नाही, तेव्हा त्या आशेनं रक्कम वाढवू नका.

पुढच्या वर्षी, किंवा त्याच्या पुढच्या वर्षी, तुला आत जावंसं वाटेल. बहुतेकींना वाटतं. एखादी नवी आई काचेपाशी उभी असेल आणि तिच्याजवळ जाऊन बसायला कुणीतरी हवं असेल, ते काम तुझ्याइतकं मला कधीच जमणार नाही, डॉक्टरांनाही जमत नाही. तेव्हासाठी थोडं सांगून ठेवते. वजन विचारायचं नाही. ‘आमची १०८० ची होती, बघा आता’ असं तर मुळीच म्हणायचं नाही, समोरचीचं ८०० ग्रॅमचं असेल. ‘आमची वाचली, तुमचंही वाचेल’ हे तुझ्या हातात नाही, म्हणून ते वचन द्यायचं नाही. औषध, ऑक्सिजन, ‘आमच्या डॉक्टरांनी तर असं केलं होतं’, हे सगळं घरी ठेवून जायचं. सर्दी असेल तर पायरी चढायची नाही. आणि ते ‘सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही’ हे तर कुणी बोललं तर तिथेच थांबवायचं. साफ खोटं आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ बळकट, पण ३४ आठवड्यांचं बाळ घेऊन बसलेल्या बाया या एका वाक्यानं रात्ररात्र रडलेल्या मी पाहिल्या आहेत. बसायचं, पाणी द्यायचं, ती बोलली तर ऐकायचं. नाही बोलली तरी बसायचं.

(जाता जाता, मुलगी अजून चालत नाही म्हणून कुणी काही बोलत असेल तर त्यांना तारीख सांग. ती अकरा आठवडे आधी आली. वाढीच्या बाबतीत ४ नोव्हेंबरला ती वर्षाची नसेल, साडेनऊ महिन्यांची असेल. डॉक्टरही तसंच धरतात, दोन वर्षांपर्यंत. केक कापा, पण तिला पावलं टाकायला लावू नका.)

आता बालाघाटची ती.

तिला फोन कर. संस्थेच्या कामासाठी नाही, कार्यक्रमाला बोलवायला नाही. तुझी मुलगी जगली आणि तिचा मुलगा गेला, या गोष्टीत तुझा काही दोष नाही, हे तुला कळतं, पण फोन उचलताना बोट थांबतं. थांबणारच. तिच्याशी काय बोलायचं याची तयारी करू नकोस. मला वाटतं तिला आजवर क्वचितच कुणी त्या मुलाबद्दल विचारलं असेल. एकोणीस दिवसांचं बाळ गेलं की घरातले म्हणतात, ‘‘अजून वय आहे, दुसरं होईल.’’ बहुतेक त्याचं बारसंही झालेलं नसेल. दवाखान्याच्या कागदावर तो ‘बेबी ऑफ’ आणि पुढे तिचं नाव, एवढाच आहे. पण तू त्याला पाहिलं आहेस. त्याची पेटी कोणती होती, तो पाय कसा झाडायचा, ती त्याला काय हाक मारायची, हे तिच्या घराबाहेर फक्त तुला माहीत आहे. ‘‘मला तुमचा मुलगा आठवतो,’’ एवढंच म्हण. तिनं फोन ठेवला तर ठेवू दे, पुन्हा करू नकोस. ती बोलली तर भाजी करपली तरी चालेल. आणि तिनं तुझ्या मुलीबद्दल विचारलं तर खरं सांग, रांगते म्हणून सांग. लपवलंस तर तिला कळेल आणि जास्त लागेल.

राहिल्या सासूबाई. त्या दिवसभर विणतात आणि कुणाशी बोलत नाहीत, असं तू लिहिलं आहेस. त्या ५२ दिवसांत त्या घरी कुणाजवळ बसून होत्या, हे तू लिहिलं नाहीस. त्यांनाही कुणी विचारलेलं दिसत नाही.

त्यांना टोपरी विणायला सांग. छातीशी ठेवलेल्या बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपरं एवढंच असतं. डोक्यातून उष्णता फार जाते, म्हणून टोपरं लागतंच, आणि बाजारात त्या मापाचं मिळत नाही. लोकर चालते की सुतीच हवं, ते वॉर्डातल्या सिस्टरला संस्थेमार्फत विचारून घ्या. धुऊन, उकळून द्यावं लागतं. गोंडा, मणी, बंद असलं काही लावायचं नाही. मापासाठी बाळ शोधत बसायला नको. दिवाळीनंतर संत्री येतातच, कॉटन मार्केटमधून चांगलं मोठं बघून एक आणा. हजार ग्रॅमच्या बाळाचं डोकं तेवढंच असतं. त्यावर घालून बघा, सैल झालं तर दोन टाके कमी करा.